पन्नास टाकले, शंभर दिसले

एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठी आम्ही ॲप करत होतो. रोज संध्याकाळी दुकानादुकानांतून पन्नास-शंभर रुपये गोळा करणारी ही माणसं. एका हातात पावतीपुस्तक, काखेत रेक्झिनची बॅग आणि सगळा हिशेब उभ्याउभ्या. त्यांतल्या सगळ्यांत जुन्या काकांच्या हातात आम्ही फोन दिला. त्यावर आमचा प्रोटोटाइप होता, रंग-सावल्यांसकट अगदी खऱ्या ॲपसारखा. काकांनी खातेदार निवडला, रकमेच्या चौकटीवर बोट ठेवलं, आकड्यांचा कीपॅड वर आला. त्यांनी पाच दाबलं, मग शून्य. चौकटीत उमटले शंभर.

"अहो, मी पन्नास टाकले. हे शंभर दाखवतंय."

"काका, हे अजून खरं नाही, नुसती चित्रं आहेत," मी म्हटलं. काकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "पैशाच्या कामात असं चालतं होय?" पुढचा अर्धा तास ते सगळ्याला 'छान आहे, छान आहे' म्हणत राहिले. म्हणजे चाचणी तिथेच संपली होती.

चूक काकांची नव्हती, टूलचीही नव्हती. स्क्रीनची चित्रं एकमेकांना जोडून जो प्रोटोटाइप बनतो, त्यात कीपॅड हेसुद्धा एक चित्रच असतं. कोणतीही कळ दाबा, ठरलेलं पुढचं चित्र येतं. रक्कम भरताना माणूस कुठे अडखळतो हे आम्हाला बघायचं होतं, आणि जे साधन ते दाखवूच शकत नाही ते आम्ही घेतलं होतं. कारण एवढंच, की त्यावर आमचा हात बसलेला होता.

'इंटरफेस डिझाइनसाठी कोणतं टूल घेऊ?' असं कॉलेजातली मुलं विचारतात, नवा धंदा काढणारे विचारतात, पंधरा माणसांच्या कंपनीचे मालकही विचारतात. त्यांना उत्तरात एक नाव हवं असतं. नाव सांगता येतं, पण गेल्या पंधरा वर्षांत त्या एका जागेवर तीन-चार नावं बसली आणि उठली. म्हणून मी हल्ली उलटं विचारतो, की तुम्ही काढलेलं चित्र पुढे कुणाच्या हातात जाणार आहे? गिऱ्हाइकाच्या, वापरणाऱ्याच्या, डेव्हलपरच्या, की तीन वर्षांनी तुमच्या खुर्चीवर येणाऱ्या माणसाच्या? यातला प्रत्येक हात वेगळं साधन मागतो, आणि भांडणं होतात ती बहुतेक चारही हातांना एकच साधन द्यायला गेल्यामुळे.

या कामाला स्वतंत्र सॉफ्टवेअर लागतं हेच मुळात उशिरा उमगलं. फोटोशॉप 1990 साली आलं ते नावाप्रमाणे फोटोंसाठी. वेबसाइटची पानं कशात तरी काढायची म्हणून लोक त्यातच काढू लागले, आणि मग लेअरची उतरंड रचत बसले. तळातलं मडकं काढायचं तर वरची सगळी उतरवायची. मॅक्रोमीडियाचं 1998 सालचं फायरवर्क्स मात्र पडद्यासाठीच घडवलेलं होतं. पुन्हा पुन्हा वापरायचे सिम्बॉल, क्लिक करता येतील असे भाग, आणि पुढे एका फाईलमध्ये अनेक पानं, हे सगळं त्यात आलं. 2005 मध्ये ॲडोबीनं मॅक्रोमीडिया विकत घेतली आणि 2013 मध्ये फायरवर्क्सचं पुढचं काम थांबवलं. माझ्या ओळखीतले दोघे-तिघे अजून त्याचं नाव निघालं की हळवे होतात.

फायरवर्क्सची जागा घेतली स्केचनं. नेदरलँड्समधल्या बोहेमियन कोडिंग या छोट्या कंपनीनं 2010 मध्ये ते आणलं. फोटो सुधारण्याचा सगळा पसारा काढून टाकून त्यांनी फक्त पडद्याचं काम ठेवलं. आकार, अक्षरं, आर्टबोर्ड, सिम्बॉल. हलकं आणि चपळ. पण ते फक्त मॅकवर चालायचं, आणि आपल्याकडच्या कॉलेजांत, छोट्या स्टुडिओंत होते विंडोजचे संगणक. त्यामुळे कितीतरी मुलांनी स्केच पाहिलं ते यूट्यूबवर. दुसरी गोम अशी, की स्केच चित्र काढायचं आणि थांबायचं. स्क्रीन जोडून दाखवायच्या तर इनव्हिजन, डेव्हलपरला मापं द्यायची तर झेपलिन, फायलीच्या आवृत्त्या सांभाळायच्या तर ॲबस्ट्रॅक्ट. एका कामाला चार वर्गण्या, आणि चारही ठिकाणी तीच स्क्रीन थोडी थोडी वेगळी.

फिग्मानं नेमकं हे दुखणं ओळखलं. डिलन फील्ड आणि इव्हान वॉलेस या ब्राउन विद्यापीठातल्या दोघांनी 2012 मध्ये कंपनी काढली, टूल सर्वांसाठी खुलं झालं 2016 मध्ये. ते ब्राउझरमध्ये चालतं, हीच त्यातली मोठी गोष्ट. ग्राफिक्स कार्डाला ब्राउझरमधून काम सांगण्याची वेबजीएल नावाची सोय त्यांनी वापरली आणि जड चित्रकाम एका टॅबमध्ये आणून बसवलं. मॅक की विंडोज हा प्रश्नच मिटला. फाईल एक, ती लिंकवर, आणि तिच्यात एकाच वेळी पाच जणांचे बाण फिरताहेत. सुरुवातीला अनेक डिझायनरांना हे मुळीच आवडलं नव्हतं. आपण भाजी चिरत असताना कुणीतरी मागे उभं राहून बघतंय असं वाटायचं. आता कुणाला तो बाण दिसला नाही तर चुकल्यासारखं होतं. आज नोकरीच्या जाहिरातीत फिग्मा गृहीत धरलेलं असतं. विद्यार्थ्यांना ते फुकट मिळतं, तेव्हा पोटापाण्याच्या हिशेबानं पहिलं टूल तेच शिकावं, यात मला तरी शंका नाही.

पण हे उत्तर नोकरीचं झालं, कामाचं नव्हे. आधी गिऱ्हाइकाचा हात घेऊ. पहिल्याच बैठकीत देखणी, रंगवलेली स्क्रीन समोर ठेवली की गिऱ्हाईक रंगावर बोलतं. 'हा निळा जरा गडद करा', 'लोगो मोठा हवा'. कर्जाचा अर्ज तीन पायऱ्यांचा असावा की सातांचा, हे विचारायचं राहूनच जातं. बाल्समिक हे यावरचं जुनं औषध. पेल्दी गुइलिझोनी यांनी ॲडोबीतली नोकरी सोडून 2008 मध्ये ते काढलं. त्यातल्या चौकटी मुद्दाम वेड्यावाकड्या, हातानं काढल्यासारख्या असतात. समोरच्याला वाटतं, हे अजून कच्चं आहे, बोलायला हरकत नाही. पुरं झालेलं दिसलं की माणसं भिडेखातर गप्प बसतात. आपल्याकडे तर जास्तच, कारण कुणी एवढं रात्र जागून केलंय तर त्याला नावं कशी ठेवायची! एक गंमत मात्र मराठीत काम करताना लक्षात येते. बाल्समिकच्या त्या हस्ताक्षरासारख्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. त्यामुळे चौकटी कच्च्या आणि त्यांतली मराठी मात्र छापील, असा विजोड संसार दिसतो. मग आम्ही सरळ कागद आणि जाड पेनावर येतो. कागदाला वर्गणी नाही आणि फॉन्टही नाही.

वापरणाऱ्याचा हात सगळ्यांत कठीण. पाम कंपनीचं पायलट हे खिशातलं यंत्र 1996 मध्ये बाजारात आलं. त्याआधी त्याचे जनक जेफ हॉकिन्स लाकडाचा एक ठोकळा शर्टाच्या खिशात घेऊन हिंडायचे आणि भेटीची वेळ ठरवायची असली की तो काढून त्यावर लिहिल्याचं सोंग करायचे. त्यांना हवं होतं एकच उत्तर, ही वस्तू मी रोज जवळ बाळगेन का. त्याला लाकूड पुरतं. 'मेनू कुठे आहे ते माणसाला सापडतं का' एवढंच विचारायचं असेल तर जोडलेल्या चित्रांचा प्रोटोटाइप पुरतो, आणि तो दुपारभरात होतो. पण 'पन्नासऐवजी पाचशे टाकले तर माणसाच्या लक्षात येईल का' हे विचारायचं असेल, तर चौकटीत टाइप केलेलं खरोखर उमटलं पाहिजे आणि बेरीज खरोखर झाली पाहिजे.

इथे ॲक्शर उपयोगी पडतं. हे 2000 च्या दशकाच्या सुरुवातीपासूनचं टूल, दिसायला जुनाट, शिकायला किचकट. तरुण मुलं त्याच्याकडे बघून नाक मुरडतात. पण त्यात खरी भरायची चौकट मिळते, भरलेली किंमत लक्षात ठेवणारं व्हेरिएबल मिळतं, अटी घालता येतात. रक्कम दहा हजारांवर गेली तर इशारा दाखव, खाते क्रमांक चुकला तर पुढे जाऊ देऊ नकोस, यादीतली ओळ खोडली तर बेरीज कमी कर. बँक, विमा, सरकारी अर्ज अशा फॉर्मांच्या जंगलात काम करणारे लोक ते का सोडत नाहीत ते एकदा वापरल्यावर कळतं. दक्षिण कोरियातून आलेलं प्रोटोपाय हे दुसऱ्या वाटेचं. खरी भरायची चौकट त्यातही आहे, पण त्याचं बळ फोनच्या इंद्रियांत. फोन कलता केला, हलवला, माइकवर बोललं, एका उपकरणावरून दुसऱ्याला निरोप पाठवला, हे सगळं त्यात करून बघता येतं. गाडीच्या डॅशबोर्डवर काम करणारे त्याकडे वळतात ते यासाठी. फेसबुकनं 2013 मध्ये बाहेर दिलेलं ओरिगामी आणि मॅकवरचं प्रिन्सिपल ही हालचालीची टूलं. बोट सरकलं की पत्ता किती वेगानं सरकावा, कुठे अडावा, एवढ्याचसाठी. बहुतेक कामांत त्यांची गरज पडत नाही. पडते तेव्हा दुसरं काही चालत नाही.

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात घडलेला स्वरचक्र कीबोर्ड आठवा. त्यात व्यंजनावर बोट ठेवलं की त्याभोवती क, का, कि, की असं चक्र उघडतं आणि बोट त्या दिशेला सरकवायचं. हे जोडलेल्या चित्रांत कसं तपासणार? बोटाचा वेग, अंगठ्याखाली झाकलं जाणारं अक्षर, चुकून शेजारच्या पाकळीवर जाणं, हे सगळं खऱ्या हातात खरं चाललं तरच दिसतं. अशा ठिकाणी प्रोटोटाइपसाठी कोडच लिहावा लागतो. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेनं तर गव्ह-डॉट-युके प्रोटोटाइप किट म्हणून एक वेगळा संचच ठेवला आहे. त्यात एचटीएमएलची पानं बनतात, उत्तरं एका पानावरून पुढच्या पानावर जातात, आणि ब्राउझर, कीबोर्ड, स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर हे सगळं खरंखुरं वापरून लोकांची चाचणी घेता येते. नागरिकांचे अर्ज हेच ज्यांचं काम, त्यांनी चित्रांवर न थांबता इथवर यावं, हा मला फार शहाणा निर्णय वाटतो.

आता खास आपलं दुखणं. टूलांची तुलना करणारे इंग्रजीतले लेख शंभर वाचा, त्यांत एक रकाना कधीच नसतो. देवनागरी नीट दिसते का? फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी टाकली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जायची, जोडाक्षरं सुटी पडायची. पुढे मजकुराचं दक्षिण आशियाई इंजिन निवडायची सोय आली, पण ती सेटिंगमध्ये कुठे दडलीय हे माहीत असलेला माणूस कार्यालयात एखादाच. बाकीचे श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर लावायचे. पडद्यावर दिसायला मराठी, आत रोमन अक्षरांची खिचडी. डेव्हलपरनं तो मजकूर उचलून कोडमध्ये टाकला की तिथे भलतीच बाराखडी अवतरायची.

आजची टूलं खूप सुधारली आहेत, तरी नवं टूल हातात आलं की मी आधी चार शब्द टाइप करतो: 'दुसऱ्या', 'कर्तृत्व', 'राष्ट्रीय' आणि 'मूर्तींच्या'. पहिल्यात ऱ्याचा चंद्रकोरीसारखा र जुळतो का, दुसऱ्यात खालचा ऋकार कापला जातो का, तिसऱ्यात ष्ट्रचा मजला खालच्या ओळीत घुसतो का, आणि चौथ्यात वेलांटी, रफार, अनुस्वार ही वरची गर्दी बटणाच्या कडेवर आपटते का. इंग्रजीच्या मापानं आखलेल्या ओळीत हे हटकून होतं, कारण रोमन अक्षरांना माथ्यावर एवढी वस्ती नसते. दुसरं असं, की रोबोटो या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. डिझायनरनं रोबोटो निवडून मराठी लिहिली तर टूल गुपचूप दुसराच कुठला तरी फॉन्ट लावतं आणि फोनवर तिसराच उमटतो. त्यापेक्षा नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा मुक्त फॉन्ट मुक्ता पहिल्यापासून लावलेला बरा. आणि मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील, हिंदी वळणाचे नकोत, तर ब्राउझरमध्ये पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगावं लागतं. फॉन्टमध्ये ती रूपं असतील तर मग ती आपोआप येतात. चित्र काढायच्या टूलात सगळं ठीक दिसलं म्हणून निश्चिंत राहू नये. निदान एक स्क्रीन खऱ्या फोनवर, खऱ्या मजकुरासह बघावी. 'सेव्ह' लिहून मोजलेल्या बटणात 'माहिती जतन करा' बसत नाही, हे जितक्या लवकर कळेल तितकं चांगलं.

डेव्हलपरच्या हाताबद्दल थोडक्यात. फिग्मात 2023 पासून डेव्ह मोड आहे. मापं, रंग, कोडचे तुकडे त्यात दिसतात, आणि त्याच साली आलेल्या व्हेरिएबलमुळे रंगाला आकड्याऐवजी नाव देता येतं. पण माझा अनुभव असा, की डेव्हलपर भांडतो तो मापांवरून नाही. यादी रिकामी असेल तेव्हा काय दाखवायचं, नेट गेलं तर काय, नाव चाळीस अक्षरांचं असेल तर काय, हे फाईलमध्ये नसतं म्हणून भांडतो. ते कोणतंही टूल आपण होऊन काढत नाही.

चौथा हात, म्हणजे पुढे येणाऱ्या माणसाचा, सगळ्यांत दुर्लक्षित. ॲडोबीनं स्वतःचं एक्सडी 2017 मध्ये बाजारात आणलं. सप्टेंबर 2022 मध्ये त्याच ॲडोबीनं फिग्मा 20 अब्ज डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं. युरोपियन आणि ब्रिटिश नियामकांनी हरकती घेतल्या, डिसेंबर 2023 मध्ये सौदा मोडला, आणि ठरल्याप्रमाणे ॲडोबीनं एक अब्ज डॉलर फिग्माला मोजले. या सगळ्यात एक्सडीचा विकास थांबला तो थांबलाच. ज्यांनी कंपनीचं सगळं काम त्यात उभं केलं होतं ते अधांतरी. इनव्हिजनची गोष्ट आणखी बोलकी आहे. 2018 मध्ये जिची किंमत 1.9 अब्ज डॉलर धरली गेली, त्या कंपनीनं आपली डिझाइन सेवा 31 डिसेंबर 2024 ला बंद केली. त्या शेवटच्या महिन्यात आमच्याकडची एक मुलगी पाच वर्षांपूर्वीच्या प्रोटोटाइपची एकेक स्क्रीन उतरवून घेत होती, वाड्याचं बांधकाम पाडण्याआधी फोटो काढून ठेवावेत तशी. स्क्रीन मिळाल्या. त्या एकमेकींना कशा जोडल्या होत्या, आणि खाली गिऱ्हाइकानं काय काय लिहिलं होतं, त्यातलं बरंच गेलं.

म्हणून निवडताना विचारावं, ही फाईल टूलाशिवाय उघडते का? स्केचनं 2017 मध्ये आपली फाईल उघडी केली. ती झिप आहे आणि आत वाचता येईल असा जेसन. माद्रिदच्या कालेइदोस या कंपनीतून निघालेलं पेनपॉट मुक्त स्रोताचं आहे. आकार एसव्हीजी या वेबच्या खुल्या चित्रप्रकारात, मांडणी वेबपानांच्या सीएसएस या भाषेत, आणि मुख्य म्हणजे ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. बँका, सरकारी खाती, दवाखाने यांच्या स्क्रीन परदेशी क्लाउडवर ठेवायला संबंधित अधिकारी तयार नसतात, तिथे आम्ही हाच मार्ग सुचवतो. फिग्माचा सराईत हात पेनपॉटवर पहिले काही दिवस अडखळतो, मोठ्या फायलींत ते दमल्यासारखंही वाटतं. पण 2024 च्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीत सीएसएस ग्रिड आल्यापासून मी ते हौसेचं टूल म्हणणं सोडलं. फिग्मा जुलै 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरलं. भागधारक आले की दरपत्रक बदलतं, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

आणि हे सगळं लिहीपर्यंत टेबलच हलायला लागलं आहे. व्ही-झीरो, बोल्ट, लव्हेबल आणि फिग्माचं स्वतःचं मेक यांना वाक्य सांगितलं की चालता इंटरफेस समोर येतो. यात उचलेगिरीचा धोका आहेच. 2024 मध्ये फिग्मानं आपलं डिझाइन बनवणारं वैशिष्ट्य काही दिवसांतच मागे घेतलं, कारण हवामानाचं ॲप मागितलं तर ते ॲपलच्या हवामान ॲपसारखंच काढून देत होतं. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. काकांच्या रकमेच्या चौकटीसाठी ॲक्शरमध्ये आम्हाला दोन दिवस लागले असते. अशा टूलानं ती वीस मिनिटांत दिली, टाइप केलेलं उमटणारी, बेरीज करणारी. दिसायला ती जगातल्या कोणत्याही ॲपसारखी होती आणि 'रक्कम प्रविष्ट करा' असं मराठीही तिनं आपणच घातलं होतं. ते खोडून 'किती घेतले?' केलं.

ती घेऊन आम्ही परत गेलो. काकांनी पन्नास टाकले, पन्नास उमटले. मग त्यांनी मुद्दाम पाचशे टाकून पाहिले, मान हलवली, आणि पहिल्यांदाच तक्रारीला सुरुवात केली. पावती फोनवर गेली तरी गिऱ्हाईक कागद मागणारच. बोटं घामट असतात तेव्हा शून्य दोनदा पडतं. दुकानदार रोजचे पैसे देत नाही, तीन दिवसांचे एकदम देतो, ते कुठे टाकायचं? या शेवटच्या प्रश्नाला आमच्या कुठल्याच स्क्रीनमध्ये जागा नव्हती. काकांनी बॅगेतून कोरं पावतीपुस्तक काढलं, एक पान उलटं केलं, आणि तीन तारखांचे तीन रकाने आखून दाखवले. निघताना ते पुस्तक त्यांनी आम्हालाच दिलं. पुढची स्क्रीन सध्या त्याच्या पाठकोऱ्या पानांवर चालू आहे.